एकतिसावं घर

टेचिमानच्या बाजारात, भेंडीवाल्यांच्या रांगेत
सकाळी साडेनऊला माझी सायकल थांबते,
म्हणजे मी थांबवतो, टाच मातीत घासत,
ब्रेक कधीच गेलेत.
गळ्यात पिशवी, कानामागे पेन्सिल,
खिशात रबराने बांधलेली
दोनशे बायकांची दोनशे कार्डं.

कार्डावर एकतीस घरं.
दिवसाला एक भरायचं.
तीस घरं बाईची, एक माझं.
राखणीची मजुरी.

नवीन आलेला बँकेतला पोरगा हसला होता :
स्वतःचेच पैसे परत घ्यायला पैसे मोजता?
कोनाडू भेंडीचं टोक मोडून बघत होती,
कोवळी की जून.
म्हणाली, घरात ठेवलेल्या पैशाला कान असतात, बाळा.
दारावरची थाप आधी त्यालाच ऐकू येते.
दिराच्या पोराची फी, भाचीचं बाळंतपण,
शेजारच्या मयताची वर्गणी.
‘नाही’ म्हणायला माझी जीभ वळत नाही,
म्हणून मी ‘नाही’ विकत घेते.
महिन्याला एका दिवसाच्या भावात.
स्वस्तच पडतं.

ती कशी राहते, मला ठाऊक आहे.
कोळशाचा चुरा कसाव्याच्या पेजेत मळून
त्याचे गोळे वळते, पत्र्यावर वाळवते.
कांद्याची जाळीदार पिशवी, अंग घासायला.
ट्रोट्रोचं भाडं वाचवायला पहाटे पायी निघते,
चपला हातात,
बाजार दिसला की पायात.
केंके एकच घेते. अर्धं दुपारी,
अर्धं पुन्हा मक्याच्या सालीत गुंडाळून रात्रीला.
पण गिऱ्हाइकाची टोपली भरली
की वर चार भेंड्या टाकतेच.
त्या का वाचवत नाहीस? मी विचारलं.
ते काटकसरीत येत नाही, म्हणाली,
ते मापात येतं.

हरमॅटनची धूळ उठली त्या आठवड्यात
लॉऱ्या आल्याच नाहीत.
रिकाम्या टोपलीवर हात ठेवून ती बसलेली.
आज नाही.
दुसऱ्या दिवशीही, आज नाही.
तिसऱ्या दिवशी तिने नुसती मान हलवली.
आणि मी, रांगेच्या टोकाला जाऊन,
पाठमोरा,
माझ्याच खिशातून तिची तीन घरं भरली.

शुक्रवारी तिने कार्ड मागितलं.
अक्षर तिला लागत नाही,
पण घरं मोजता येतात.
ही तीन कुणाची?
मी सायकलच्या साखळीकडे बघत राहिलो.
खोड.
राहू दे गं, काय बिघडतं—
खोड. माझ्या घरांत भाडेकरू नको मला.

खोडलं. कागद जरासा विरला.
तिने जिभेला बोट लावून तो दाबून बसवला,
मुलाच्या भुवया बसवाव्यात तसा.
मग विचारलं, आणि तुझे कोण राखतं?

गळ्यात अख्ख्या बाजाराची पुंजी,
आणि माझ्या खोलीत काय?
गहाण पडायचा राहिलेला एक रेडिओ,
ताडीवालीकडे खडूने लिहिलेलं माझं नाव.
मी हसलो.
ती हसली नाही.
रोज दोन सेडी, म्हणाली. इथे. माझ्या हातात.
बसायचं स्टूल उलटं केलं
आणि त्याच्या पोटावर कोळशाने
एकतीस घरं आखली. वाकडी. काही फार मोठी.

रोज ती उठायची, स्टूल उलटायची,
रेघ मारायची, परत त्यावर बसायची.
इतकी भक्कम तिजोरी
मी बँकेतही पाहिली नाही.

महिना भरला.
तिने पदराची गाठ सोडली, नाणी ओतली.
मी मोजले. पुन्हा मोजले.
साठ.
बासष्ट हवेत ना?
भेंडी निवडता निवडता,
वर न बघता :
राखणीची मजुरी.

त्या साठात मागचा ब्रेक बसला.
आता तिच्यासमोर मी
धूळ न उडवता थांबतो.
पुढचा, पुढच्या महिन्यात.